वॉल्व काढून टाकण्याआधी

गाडी तापायला लागली की गॅरेजमध्ये पहिलं नाव निघतं ते थर्मोस्टॅट वॉल्वचं. 'वॉल्व अडकलाय' हे निदान कित्येकदा बॉनेट उघडण्याआधीच झालेलं असतं आणि त्यावरचा उपायही ठरलेला असतो. वॉल्व काढून टाका, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो! मालकालाही ते पटतं. पैसे वाचतात आणि त्या दिवशी तापमानाचा काटाही खाली येतो. पुढे मे महिन्यात खंबाटकी घाट चढताना तीच गाडी पुन्हा तापते. मग संशय रेडिएटरवर जातो, तिथून पंपावर, तिथून हेड गॅसकेटवर, आणि प्रत्येक संशयाचं बिल वेगळं येतं.

हे बरंचसं टाळता येतं. मोटारीच्या इंजिनातले जे थोडे भाग घरच्या घरी तपासता येतात त्यांत थर्मोस्टॅट येतो. रात्रभर उभी राहून गार झालेली गाडी, दोन हात, थोडा धीर आणि फार तर एक जुनं पातेलं एवढ्यावर काम भागतं. पण तपासायला बसण्याआधी तो नेमकं काय करतो हे समजून घ्यायला हवं. गाडी तापण्याशी त्याचं जितकं नातं आहे तितकंच ती गार राहण्याशीही आहे, आणि ही दुसरी बाजू आपल्याकडे जवळजवळ कुणीच बघत नाही.

पेट्रोल जळून निघणाऱ्या ऊर्जेचे ढोबळमानाने तीन वाटे होतात. एक गाडी ओढायच्या कामी येतो, दुसरा धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जातो आणि तिसरा इंजिनाभोवती फिरणाऱ्या कूलंटला उचलावा लागतो. हा तिसरा वाटा बाहेर टाकायची जागा म्हणजे रेडिएटर. मात्र सकाळी गाडी सुरू केल्याबरोबर ही उष्णता बाहेर टाकायची नसते, ती जपायची असते. म्हणून कूलंटला दोन वाटा दिलेल्या असतात. लहान वाट इंजिनातल्या इंजिनात आणि केबिनच्या हीटरमधून फिरते, मोठी वाट रेडिएटरमधून जाते. इंजिन गार असेपर्यंत थर्मोस्टॅट मोठी वाट बंद ठेवतो. पाणी ठरलेल्या तापमानाला पोचलं की तो हळूहळू उघडतो, आणि पुढे प्रवासभर कधी जास्त, कधी कमी उघडा राहून तापमान एका पट्ट्यात ठेवतो. तो पूर्ण बंद किंवा पूर्ण उघडा असण्याचे प्रसंग थोडे. बहुतेक वेळ तो अधेमधेच कुठेतरी असतो.

हे सगळं तो विजेशिवाय, कुठल्याही संगणकाशिवाय करतो. हातात घेऊन पाहिला तर मधोमध बोटाच्या पेराएवढी पितळी किंवा तांब्याची कुपी दिसते. तिच्यात खास मिश्रणाचं मेण ठासलेलं असतं आणि उष्णता पटकन आतपर्यंत पोचावी म्हणून त्यात तांब्याची पूड मिसळलेली असते. मेण वितळताना फुगतं. कुपी घट्ट बंद असल्यामुळे त्या फुगण्याला एकच वाट उरते: रबरी आवरणातून वर आलेली पोलादी पिन बाहेर ढकलायची. पिनचं दुसरं टोक चौकटीला टेकलेलं असल्याने पिन जागेवर राहते आणि कुपी तिच्यावर बसवलेली तबकडी घेऊन खाली सरकते. वाट मोकळी होते. पाणी गार झालं की मेण आकसतं आणि बाहेरची मजबूत स्प्रिंग तबकडी परत जागेवर आणते. १९३०च्या दशकात सर्जियस व्हर्नेट या संशोधकाने मेणाची ही रचना सिद्ध केली. त्याआधीच्या मोटारींत पातळ पत्र्याच्या भात्यात लवकर उकळणारा द्रव भरलेला असे. पण कूलंटवर दाब ठेवायची पद्धत आली तशी तो भाता त्या दाबाने बिचकू लागला. मेणाला दाबाची पर्वा नसते, त्याला फक्त तापमान कळतं. म्हणून ही रचना इतकी वर्षं टिकली आहे.

तबकडीच्या कडेवर किंवा कुपीच्या बुडावर एक आकडा ठोकलेला असतो: ८२, ८८, कधी ९२. तेवढ्या अंश सेल्सिअसला तो उघडायला सुरुवात करतो. पूर्ण उघडायला त्याहून दहा-बारा अंश जास्त लागतात. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढची सगळी तपासणी त्याच्याभोवती फिरते.

आता इंजिन गरम राहणं इतकं महत्त्वाचं का, ते पाहू. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. गरम इंजिनात ते वाफ होऊन धुराबरोबर निघून जातं. इंजिन गार असेल तर पिस्टनच्या कडांमधून खाली उतरलेली थोडी वाफ ऑइलमध्ये विरते, आणि तिच्याबरोबर न जळलेलं पेट्रोलही. ऑइल पातळ होतं, आम्लयुक्त होतं, त्यात चिकट गाळ धरू लागतो. इंजिनाचा संगणक पाणी गार आहे असं पाहून पेट्रोल जास्त सोडत राहतो, त्यामुळे ॲव्हरेज घसरतं. अलीकडच्या डिझेल गाड्यांत धुराच्या गाळणीत साठलेली काजळी गाडी मधूनमधून स्वतः जाळून टाकते, पण इंजिन पुरेसं तापलेलं नसेल तर ते काम पुढे ढकललं जातं आणि एक दिवस गाळणी तुंबल्याचा दिवा लागतो. गाळणीवर मोठा खर्च होतो आणि मूळ कारण तसंच राहतं. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाड्यांचं आणखी वेगळं. दाबाखालचा गॅस सैल होताना खूप गार पडतो, म्हणून हा दाब उतरवणाऱ्या रेड्युसरमधून गरम कूलंट फिरवतात, आणि अनेक किट तो रेड्युसर ठरावीक तापमानाला आल्याशिवाय पेट्रोलवरून गॅसवर जात नाहीत. 'हल्ली गाडी गॅसवर उशिरा पडते' अशी तक्रार असेल तर किटवाल्याकडे जाण्याआधी थर्मोस्टॅट पाहावा.

थर्मोस्टॅट प्रामुख्याने दोन तऱ्हांनी बिघडतो. कुपीतून मेण झिरपून गेलं की पिन ढकलायला काही उरत नाही, स्प्रिंग तबकडी मिटून ठेवते आणि रेडिएटरची वाट कायमची बंद होते. हा बिघाड दांडगा. सुरू केल्यापासून थोड्याच वेळात काटा चढतो आणि थांबत नाही. दुसऱ्या तऱ्हेत स्प्रिंग ढिली होते, पिन झिजते किंवा तबकडीच्या बैठकीत गंज आणि क्षाराचा कचरा अडकतो आणि वॉल्व उघडाच राहतो. हा बिघाड मुका असतो. गाडी कुठे बंद पडत नाही, वाफ येत नाही, उलट काटा छान खाली असतो म्हणून मालक खूश असतो. इंजिन मात्र महिनोन् महिने अर्धंकच्चं तापून चालत राहतं. या दोन्हींच्या मधला तिसरा प्रकार चिडवणारा: वॉल्व अडखळत उघडतो. काटा वर जातो, एकदम खाली येतो, पुन्हा चढतो. आज होतं, उद्या होत नाही, आणि गॅरेजमध्ये नेली की गाडी शहाण्यासारखी वागते.

काट्याचा विषय निघालाच आहे तर सांगायला हवं की हल्लीचा काटा फारसा विश्वासाचा राहिलेला नाही. जुन्या गाड्यांत तो तापमानाबरोबर खरोखर हलायचा. लोक थोड्या हालचालीने घाबरून सर्व्हिस सेंटर गाठतात म्हणून आता अनेक गाड्यांत तो मुद्दाम मधोमध रोखून धरलेला असतो. पाणी ७५ असो की १०५, काटा तिथेच. तो हलला म्हणजे गोष्ट बरीच पुढे गेलेली असते. कितीतरी छोट्या गाड्यांत तर काटाच नाही, फक्त दोन दिवे असतात. निळा म्हणजे इंजिन अजून गार, लाल म्हणजे फार तापलं. निळ्या दिव्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, पण तोच इथे कामाचा आहे. रोजच्या रस्त्यावर तो पूर्वी दुसऱ्या चौकात विझायचा आणि आता हायवेला लागेपर्यंत जळत राहतो असं झालं, तर वॉल्व उघडा अडकला असण्याची शक्यता मोठी. सकाळच्या थंडीत लांबच्या उतारावर विझलेला निळा दिवा पुन्हा लागला तर संशय आणखी पक्का होतो.

तपासणी सकाळी करावी. गाडी रात्रभर उभी असली पाहिजे, हात लावल्यावर इंजिन पूर्ण गार लागलं पाहिजे. कारण साधं आहे. चालू गाडीतलं पाणी दाबाखाली असतं आणि त्या दाबामुळे १०० अंशांच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं. झाकण उघडताक्षणी दाब जातो, पाण्याची तिथल्या तिथे वाफ होते आणि ती थेट तोंडावर, छातीवर येते. गरम रेडिएटरचं झाकण फडकं धरून उघडणारे अनेक जण आपण रस्त्यावर पाहतो. फडक्याने ती वाफ अडत नाही.

तर गार गाडीचं झाकण उघडून पहिल्यांदा कूलंटची पातळी पाहावी. बाजूच्या प्लास्टिकच्या टाकीत खुणेपर्यंत पाणी दिसतं म्हणून रेडिएटर भरलेला असेलच असं नाही. ज्या गाड्यांत रेडिएटरला वेगळं झाकण आहे तिथे ते उघडून बघावं. तापणाऱ्या निम्म्या गाड्यांचा तपास इथेच संपावा असं मला वाटतं, कारण पाणी कमी असेल तर पुढची कुठलीही चाचणी खरं सांगणार नाही. पाणी कमी झालंय, म्हणजे ते कुठेतरी गेलंय. आधी गळती शोधायची.

पातळी ठीक असेल तर झाकण लावून इंजिन सुरू करावं. एसी बंद ठेवावा, नाहीतर पंखा आधीच फिरायला लागतो. ओढणी, टाय, सैल बाही पंख्यापासून लांब ठेवावी. विजेवरचा पंखा कुठल्याही क्षणी सुरू होतो, काही गाड्यांत किल्ली काढल्यानंतरही. आता इंजिनाच्या वरच्या अंगाकडून रेडिएटरच्या डोक्याकडे जाणारा जाड होज पाइप शोधायचा आणि रेडिएटरच्या तळातून इंजिनाकडे परत येणारा दुसरा. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट वरच्या पाइपाच्या मुळाशी, ॲल्युमिनियमच्या किंवा प्लास्टिकच्या टोपीखाली असतो. तिथे वरचा पाइप हाताच्या मुठीत धरायचा. पहिली काही मिनिटं तो गारच लागतो. इंजिनाचा वरचा भाग तापतो, हीटरचे बारीक पाइप कोमट होऊन गरम होतात, वरचा जाड पाइप मात्र अजून हवेइतकाच. पाचेक मिनिटांत इंजिनाकडचं टोक थोडं ऊबदार लागेल. धातूतून सरकत आलेली ती ऊब असते, तिने फसू नये. मग दहा-पंधरा मिनिटांनी, डिझेल असेल तर त्याहूनही उशिरा, पाइपात एक बारीक थरथर जाणवते आणि बघता बघता तो मुठीत धरवेनासा होतो. गरम पाणी पलीकडे गेलं. थोड्या वेळाने रेडिएटरची जाळी वरून खाली तापत जाते, शेवटी खालचा पाइप कोमट होतो, आणि त्यानंतर पंखा सुरू होतो. हा क्रम आणि ही गती जुळली तर वॉल्व निर्दोष आहे.

उघडा अडकलेला वॉल्व असेल तर ते अचानक तापणं नसतंच. वरचा पाइप, जाळी आणि खालचा पाइप पहिल्या दोन-तीन मिनिटांपासून इंजिनाबरोबरच हळूहळू कोमट होत जातात. बंद अडकलेला असेल तर उलट: इंजिन हात लावू देत नाही, काटा चढतोय आणि जाळी अजून गार. अशा वेळी पाइप तापेल म्हणून वाट बघत बसू नये, इंजिन लगेच बंद करावं. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपाच्या बाजूला, म्हणजे इंजिनात पाणी शिरतं तिथे बसवलेला असतो. त्या गाड्यांत वरचा पाइप लवकर तापला तरी त्यातून काही सिद्ध होत नाही, निर्णय खालच्या पाइपावर करायचा.

हाताऐवजी स्कॅनर वापरता आला तर निदान आणखी नेमकं होतं. स्टीअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसणारं आणि मोबाइलला ब्लूटूथने जोडलं जाणारं छोटं यंत्र आता कुणालाही परवडतं. त्याने पहिली गोष्ट तपासावी ती इंजिन सुरू करण्याआधी: किल्ली फिरवून कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान वाचायचं. रात्रभर उभ्या गाडीत हे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असायला हवेत. हवा २४ आणि कूलंट ४० दिसत असेल तर कूलंटचा सेन्सरच खोटं बोलतोय, आणि त्याच्या साक्षीवर थर्मोस्टॅट बदलला तर पैसे वाया जातील. सेन्सर खरा ठरला की गाडी सुरू करून आकड्याचा आलेख पाहायचा. निरोगी वॉल्वचा आलेख एकसारखा चढत ८०-९०पर्यंत जातो. तिथे तो थबकतो, बऱ्याचदा तीन-चार अंश खालीही येतो, कारण रेडिएटरमध्ये पडून असलेलं गार पाणी इंजिनात शिरतं, आणि मग तो सपाट होतो. उघड्या वॉल्वचा आलेख ६०-७०वर रेंगाळतो, सिग्नलला उभं राहिलं की वाढतो आणि वेग घेतला की पडतो. बंद वॉल्वचा आलेख कुठेही न थबकता १०० पार करतो.

इंजिनाचा दिवा लागून स्कॅनरवर पी ०१२८ हा कोड आला, तर त्याचा अर्थ काय ते नीट समजून घ्यावं. सुरुवातीचं तापमान, आत गेलेली हवा, वेग आणि गेलेला वेळ यांवरून इंजिन एव्हाना किती तापायला हवं होतं याचा हिशेब संगणक मांडतो. प्रत्यक्ष पाणी त्या हिशेबाच्या मागे पडलं की हा कोड उमटतो. बहुतेक वेळा कारण उघडा अडकलेला थर्मोस्टॅट हेच असतं, पण कमी कूलंट आणि बिघडलेला सेन्सर यांनीही हाच कोड येतो. कोडमध्ये सुट्या भागाचं नाव लिहिलेलं नसतं.

तापणाऱ्या गाडीच्या बाबतीत ती कुठे तापते हा प्रश्न मी सर्वांत आधी विचारतो. ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेवर वारा मिळाला की निवते, तर पंखा, त्याचा रिले किंवा फ्यूज बघा. थर्मोस्टॅटला दोष देऊ नका. शहरात ठीक असते पण घाट चढताना किंवा शंभराच्या वेगाला तापते, तर पाणी पुरेसं वाहत नाही किंवा रेडिएटर पुरेसा निववत नाही: आतून तुंबलेली जाळी, पात्या झिजलेला पंप, किंवा अर्धवटच उघडणारा थर्मोस्टॅट. गार गाडी सुरू केल्यावर चार-सहा मिनिटांतच तापते, तर पाणी नाही किंवा वॉल्व बंद आहे, या दोघांतच शोध घ्यावा.

या शेवटच्या दोघांतला फरक कळायला आपल्याकडे न वापरला जाणारा हीटर उपयोगी पडतो. हीटर लहान वाटेवर असतो, त्यामुळे थर्मोस्टॅट बंद असला तरी त्याच्यातून पाणी फिरतं. काटा वर आहे आणि हीटरचा नॉब पूर्ण लाल बाजूला फिरवल्यावर कढत हवा येते, म्हणजे इंजिनात पाणी आहे आणि पंपही फिरवतोय. संशय थर्मोस्टॅट आणि रेडिएटरवर. काटा वर आहे आणि हीटरमधून गार हवा येते, म्हणजे पाणी संपलंय, हवा अडकून एअर लॉक झालाय किंवा पंप पाणी ढकलत नाही. हीच चाल रस्त्यात वेळ निभावून नेते. घाटात काटा चढायला लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, खिडक्या उघड्या. इंजिनाची थोडी उष्णता केबिनमधून निघून जाते आणि थांबायला सुरक्षित जागा मिळेपर्यंत वेळ मिळतो. लाल दिवा लागला असेल तर मात्र जागेचा विचार न करता कडेला घ्यावी. ॲल्युमिनियमचं हेड वाकायला फार वेळ लागत नाही, आणि हेड उचलून, घासून सपाट करून पुन्हा बसवण्याचा खर्च काही शे रुपयांच्या वॉल्वच्या कितीतरी पट होतो.

हेड गॅसकेटची भीती दाखवली जाते तेव्हा बऱ्याचदा ऑइलच्या झाकणाखालचा फिकट, दुधी थर पुरावा म्हणून दाखवतात. इथे घाई करू नये. पावसाळ्यात, छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या किंवा उघड्या वॉल्वमुळे कधीच नीट न तापणाऱ्या इंजिनातही असा थर धरतो, तो निव्वळ साचलेल्या दमटपणाचा. डिपस्टिक काढून पाहावी. तिच्यावरचं ऑइल स्वच्छ असेल, कूलंट कमी होत नसेल आणि गार इंजिन झाकण उघडं ठेवून सुरू केल्यावर रेडिएटरमधून सतत बुडबुडे येत नसतील, तर गॅसकेटचं बिल भरण्याआधी थर्मोस्टॅटची चाचणी करून घ्यावी.

आता पातेल्याची गोष्ट. ज्यांना टोपीचे दोन-तीन बोल्ट उघडता येतात त्यांनी ही चाचणी जरूर करावी. कूलंट स्वच्छ भांड्यात काढून घ्यायचं. ते चवीला गोड आणि विषारी असतं, म्हणून सांडलेलं लगेच धुवायचं. कुत्री ते चाटतात आणि दगावतात. निघालेला वॉल्व आधी उजेडासमोर धरायचा. गार वॉल्वच्या तबकडीभोवती उजेडाची फट दिसली तर तो उघडा अडकलाय, पातेलं चढवायचीसुद्धा गरज नाही. फट नसेल तर बोटांनी स्प्रिंग दाबून तबकडी किंचित उघडायची, फटीत शिवणाचा दोरा सरकवायचा आणि सोडून द्यायची. त्या दोऱ्याने वॉल्व पातेल्यातल्या पाण्यात लोंबकळत ठेवायचा. तो तळाला टेकू द्यायचा नाही, कारण तळ पाण्याहून जास्त तापतो आणि चाचणी चुकते. शेजारी स्वयंपाकाचा थर्मामीटर, बारीक आच, आणि अधूनमधून पाणी ढवळायचं. ज्या क्षणी वॉल्व दोऱ्यावरून सुटून पातेल्यात पडेल तेव्हाचा आकडा म्हणजे त्याचं उघडण्याचं तापमान. ठोकलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश इकडेतिकडे असेल तर ठीक. पुढे पाणी उकळेपर्यंत तबकडी सात-आठ मिलिमीटर सरकलेली दिसली पाहिजे, आणि बाहेर काढून ठेवल्यावर ती पूर्ण मिटली पाहिजे. मिटताना अडखळली, तिरकी बसली, तर वॉल्व बाद. पुण्या-मुंबईत ही चाचणी चांगली होते. महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, त्यामुळे तिथे ८८चा वॉल्व पूर्ण उघडलेला पातेल्यात दिसणार नाही. त्यावरून त्याला बाद ठरवू नये. आणि ते पातेलं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये.

आता त्या 'काढून टाका'कडे येतो. वॉल्व काढून टाकण्यातला मोठा धोका गार इंजिनाचा आहे, तो वर सांगितला. पण पुष्कळ इंजिनांत तो काढल्यामुळे गाडी उलट तापते, हे फार थोड्यांना माहीत असतं. अशा थर्मोस्टॅटला दोन तबकड्या असतात. वरची रेडिएटरची वाट उघडते तेव्हा खालची तबकडी लहान वाटेचं तोंड बंद करते. शेतकरी एका वाफ्याचं दार धरतो आणि दुसऱ्याचं फोडतो तसंच हे काम. वॉल्वच काढला की दोन्ही दारं कायमची उघडी. पाण्याला रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाण्यापेक्षा आतल्या आत फिरणं सोपं असतं, म्हणून त्यातलं बरंच पाणी न निवताच इंजिनात परत जातं. सपाट रस्त्यावर हे कळत नाही, चार माणसं आणि एसी घेऊन बोरघाट चढताना कळतं. 'वॉल्व नसला की पाणी रेडिएटरमधून इतक्या वेगाने जातं की त्याला निवायला वेळ मिळत नाही' असं एक स्पष्टीकरण गॅरेजमध्ये ऐकू येतं. ते खरं नाही. प्रवाह वाढल्याने रेडिएटर कमी उष्णता टाकत नाही. तापण्याचं खरं कारण त्या उघड्या राहिलेल्या लहान वाटेत आहे.

थर्मोस्टॅट अकाली मरतो त्याला आपल्याकडे बहुतेक वेळा पाणीच जबाबदार असतं. बोअरवेलचं जड पाणी रेडिएटरमध्ये ओतलं की त्यातला क्षार तापलेल्या धातूवर पांढरा थर धरतो, तबकडीच्या बैठकीत आणि पिनच्या रबरात शिरतो. गळती थांबवायची पूड टाकली तर ती गळती थांबवण्याआधी वॉल्व आणि हीटरच्या नळ्या तुंबवते. कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं काही वर्षांत संपतात. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं कूलंट, पाणी मिसळायचंच तर आयन काढलेलं, आणि सांगितलेल्या मुदतीत बदली, एवढं सांभाळलं तर वॉल्व वर्षानुवर्षं टिकतो.

अलीकडच्या काही गाड्यांत थर्मोस्टॅट प्लास्टिकच्या घरात सेन्सरसकट एकत्र येतो आणि मेणाच्या कुपीत विजेचा छोटा हीटरही असतो. वॉल्व शंभरच्या वर उघडेल असं मेण घेतलेलं असतं. इंजिनावर भार आला की संगणक त्या हीटरने मेण तापवून वॉल्व वेळेआधी उघडतो. या गाड्यांत कूलंट १०५ दिसलं म्हणून घाबरायचं कारण नसतं, आणि पातेल्याची चाचणीही अर्धीच गोष्ट सांगते. विजेची जोडणी तुटली की स्कॅनरवर वेगळा कोड येतो, पी ०५९७ ते पी ०५९९ या घरातला. इथे काम जाणकाराकडे द्यावं, पण सेन्सर खरा आहे ना आणि कूलंट पुरेसं आहे ना, हे दोन प्रश्न आपण आधी विचारावेत.

नवा वॉल्व बसवताना जुन्यावरचा आकडा आणि नव्यावरचा आकडा ताडून घ्यावा. 'आपल्याकडे ऊन फार' म्हणून कमी आकड्याचा बसवून घेऊ नये. त्याने तापणं थांबत नाही, फक्त इंजिन नेहमीच थोडं गार चालतं. तबकडीच्या कडेला एक बारीक भोक आणि त्यात हलणारी पिन असेल तर ती वरच्या बाजूला यायला हवी, कारण भरताना अडकलेली हवा तिथूनच निसटते. रबरी सील नवंच घ्यावं, जुनं दबून कडक झालेलं असतं. कूलंट सावकाश भरावं, हवा काढायचा स्क्रू असल्यास तो सैल करून हवेऐवजी पाणी येईपर्यंत थांबावं, हीटर गरमवर ठेवून पंखा दोनदा सुरू होऊन बंद पडेपर्यंत इंजिन चालवावं. दुसऱ्या दिवशी सकाळी गार गाडीचं झाकण उघडून पातळी पाहावी. बहुधा ती थोडी उतरलेली असते. तेवढं भरून तिसऱ्या दिवशी पुन्हा एकदा पाहावी.